चहादाणी, किटली आणि खाणीचा चहा

चहादाणीचा आकार ठरतो तो तिच्यात पडणाऱ्या पत्तीवरून. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चीनमध्ये दरबारी चहा वड्यांच्या रूपात येई. वडी फोडायची, दळायची आणि ती भुकटी वाडग्यातल्या गरम पाण्यात घुसळून प्यायची, अशी रीत होती. तिला तोटीच्या भांड्याची गरज नव्हती. १३९१ मध्ये मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू याने वड्यांचा नजराणा बंद करून सुटी पत्ती मागवली आणि हळूहळू सारा देश सुट्या पत्तीकडे वळला. सुटी पत्ती पाण्यात मुरू द्यावी लागते आणि मुरली की पत्ती मागे ठेवून अर्क तेवढा वेगळा करावा लागतो. या दोन कामांसाठी झाकण आणि पत्ती अडवेल अशी तोटी असलेले भांडे हवे होते. जिआंग्सू प्रांतातील यीशिंगच्या कुंभारांनी सोळाव्या शतकात ते तिथल्या जांभळट मातीत घडवले.

यीशिंगची चहादाणी लहान, एकदोन माणसांपुरती आणि बिनझिलईची असते. दिसायला साध्या अशा या भांड्यात फार विचार भरलेला आहे. तोटीचे तोंड पोटाच्या काठाइतके किंवा त्याहून किंचित उंच ठेवावे लागते. ते खाली राहिले तर भांडे पूर्ण भरण्याआधीच चहा तोटीतून वाहू लागतो. झाकणाला एक बारीक छिद्र असते. ओतताना जितका चहा बाहेर पडतो तितकी हवा या छिद्रातून आत येते, म्हणून धार अखंड राहते. छिद्रावर बोट ठेवले की धार थांबते, आणि झाकण नीट बसते की नाही हे पारखण्याची कुंभारांची हीच रीत आहे. पोट गोल असल्याने पत्तीला उलगडायला जागा मिळते आणि तेवढ्याच पाण्याला थंड होण्यासाठी कमीत कमी पृष्ठभाग मिळतो. पुढच्या चार शतकांत जगभर ज्या चहादाण्या झाल्या, त्यांनी या हिशेबात फारशी भर घातली नाही.

सतराव्या शतकात डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ही भांडी युरोपात गेली. चिनी मातीचे गुपित युरोपाला उलगडायला वेळ लागला. जर्मनीतील माइसेनचा कारखाना १७१० मध्ये सुरू झाला. मधल्या काळात मुंबईचे भवितव्यही चहाच्या एका शौकीन स्त्रीच्या लग्नाशी बांधले गेले. १६६१ च्या विवाहकरारानुसार पोर्तुगीज राजकन्या कॅथरिन हिच्या हुंड्यात मुंबई दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, आणि इंग्लंडच्या दरबारात चहाची गोडी लावण्याचे श्रेयही याच राणीला दिले जाते. पश्चिम किनाऱ्याला मात्र चहा त्याआधीच ठाऊक होता. १६३८ मध्ये सुरतेत आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो रोजच्या बैठकीत चहा घेतल्याचे सांगतो. १६८९ मध्ये प्रवासाला निघून तिथे आलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने चहात गरम मसाले, खडीसाखर आणि लिंबू घालण्याची रीत नोंदवली आहे. मसाल्याचा चहा ही टपरीवाल्यांची अलीकडची करामत आहे, असे मानणाऱ्यांनी ही नोंद ध्यानात ठेवावी.

मुंबईत चहा घरोघर पोचवण्यात पारशी व्यापाऱ्यांचा वाटा मोठा. जमशेटजी जीजीभाईंसारख्यांच्या चीनशी चाललेल्या व्यापारामुळे चिनी मातीची भांडी पारशी घरांत आली, आणि पुदिना व गवती चहा घातलेला चहा हा त्या घरांचा नेहमीचा पाहुणचार झाला. पुढे इराण्यांच्या हॉटेलांबरोबर समोवार आला. त्यात खाली पाणी सतत उकळत असते आणि वरच्या छोट्या चहादाणीत घट्ट अर्क मुरत ठेवलेला असतो. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे अर्क, पाणी आणि दूध एकत्र करायचे. मुरवणे आणि वाढणे ही दोन कामे वेगळी करण्याची ही युक्ती मोठ्या गिऱ्हाइकीला फार सोयीची होती. १९२४ मध्ये जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत मारियान ब्रांट हिने घडवलेली, तळहातावर मावेल एवढी धातूची चहादाणीही याच तत्त्वावर बेतलेली आहे: आत घट्ट अर्क, आणि तो पातळ करायला वेगळे गरम पाणी.

पुण्यात मात्र चहाच्या भांड्याला वेगळीच परीक्षा द्यावी लागली. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि गोखले त्या मंडळींत होते. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेला हाती धरला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली आणि प्रकरण शंकराचार्यांपुढे गेले. चौकशी बसली, प्रायश्चित्ताचा वाद पेटला; रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. चहा तेव्हा शहरी पुरुषांच्या बैठकीत रुळू लागला होता. खरा प्रश्न भांडे कोणाचे आणि ओतणारा हात कोणाचा, हा होता. सोवळ्याच्या हिशेबात मातीचे भांडे एकदा विटाळले की टाकूनच द्यायचे. पितळेचे भांडे चिंच-राखेने घासून पुन्हा वापरता येई. त्यामुळे मराठी स्वयंपाकघरात चहादाणीला जागा मिळाली नाही. चहा पितळी पातेल्यात उकळला जाऊ लागला, फडक्याच्या गाळण्यातून गाळला जाऊ लागला, आणि चहादाणीचे मुरवण्याचे काम त्या घरात कधी सुरूच झाले नाही.

चहा सर्वसामान्यांपर्यंत नेला तो व्यापाऱ्यांच्या गरजेने. आसामातल्या रानटी चहाच्या झाडांचा पत्ता रॉबर्ट ब्रूसला १८२३ मध्ये लागला आणि १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात विकला गेला. विसाव्या शतकाच्या तोंडावर मळे इतके वाढले की माल उरू लागला. १९०३ मध्ये सरकारने निर्यातीच्या चहावर उपकर बसवला आणि त्यातून चहाच्या प्रसाराचा खर्च चालला. प्रथम पैसा परदेशी जाहिरातीवर गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात लक्ष देशी गिऱ्हाइकाकडे वळले आणि कापडगिरण्या, कारखाने व कोळशाच्या खाणींत कामगारांना चहाची सुट्टी द्यावी, आवारातच चहाचे दुकान असावे, असा आग्रह सुरू झाला. १९३० च्या दशकातल्या मंदीत ही मोहीम आणखी वाढली. घरोघर जाऊन चहा करून दाखवणारे प्रचारक नेमले गेले, एका पैशाच्या पुड्या निघाल्या, रेल्वे स्थानकांवर चहाची कृती सांगणाऱ्या मुलाम्याच्या पाट्या लागल्या.

त्या पाट्यांवरची कृती सर्वस्वी चहादाणीची होती. चहादाणी आधी गरम पाण्याने विसळून घ्या; माणशी एक चमचा आणि वर चहादाणीचा म्हणून एक चमचा पत्ती घाला; खळखळते पाणी ओता; पाच मिनिटे मुरू द्या; मग पेल्यात ओतून दूध-साखर घाला. ही कृती निर्दोष आहे, आणि महागड्या पत्तीचा खरा स्वाद तिच्यातच उतरतो. पण ती रस्त्यावरच्या विक्रेत्याला परवडणारी नव्हती. माणशी चमचाभर पत्ती, शिवाय वरचा एक चमचा, आणि तिचा एकदाच उतारा. विक्रेत्याने पत्ती कमी केली, दूध-साखर वाढवली, आले-वेलचीने चव भरली आणि सगळे एकत्र उकळले. उकळल्याने थोड्या पत्तीतून जास्तीत जास्त रंग आणि कडकपणा निघाला, दुधाने तो कडकपणा मऊ केला. पत्तीचा खप कमी होतो म्हणून चहाचा प्रसार करणाऱ्यांना ही रीत खटकत होती. टपरीने ऐकले नाही, आणि त्यात टपरीचेच खरे होते: दमलेल्या माणसाला चहातून ऊब, गोडी आणि थोडे पोटाला आधार हवा होता, तो या चहाने दिला.

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यातले राजूर हे असेच दमलेल्या माणसांचे गाव. हा जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्याच नावाने, इंग्रजी दप्तरात ‘वुन’ म्हणून ओळखला जाई. वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळशाचा पट्टा चंद्रपूरकडून वणीपर्यंत येतो, आणि राजूरला कोळशाबरोबर चुनखडीही आहे. त्यामुळे इथे एकीकडे कोळशाची खाण, दुसरीकडे चुनाभट्ट्या, असे दोन्ही उद्योग शेजारी वाढले. भट्टीत भाजायचा दगड आणि भाजायला लागणारा कोळसा दोन्ही हाताशी. माजरीहून वणी-राजूरकडे रेल्वेचा फाटा आला. देशातील बहुतेक दगडी कोळशाच्या खाणी १९७३ मध्ये सरकारी मालकीच्या झाल्या आणि १९७५ पासून या भागातल्या खाणी नागपूर मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत.

खाणीच्या कामाने चहाच्या भांड्याला काही अटी घातल्या. भूमिगत कोळसा खाणीत काडेपेटी आणि उघडी ज्योत वर्ज्य, कारण साचलेला वायू पेट घेऊ शकतो. त्यामुळे खाली चहा मांडता येत नाही. तो वरून तयार न्यावा लागतो, नाहीतर पाळी सुटल्यावर वर येऊन प्यावा लागतो. पाळी सुटते तेव्हा माणसे एकेकटी येत नाहीत, घोळक्याने येतात. सर्वांना एकदम आणि वाफाळता चहा हवा असतो. पाच मिनिटे मुरत ठेवलेली चार पेल्यांची चहादाणी इथे कुचकामी. लिटर-दोन लिटर तयार चहा शेगडीच्या कडेला गरम राहील, उचलून पटापट ओतता येईल आणि रोज घासता येईल, असे भांडे हवे. ते म्हणजे ॲल्युमिनियमची किटली.

राजूरसारख्या गावात पाण्याचाही विचार करावा लागतो. चुनखडीतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार असतात. अशा जड पाण्यात कोरा चहा मुरवला तर रंग मळकट उतरतो आणि वर तपकिरी तवंग धरतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातील संशोधकांनी १९९३ मध्ये या तवंगाचे पृथक्करण केले तेव्हा त्यात कॅल्शियम कार्बोनेट आणि चहातील पॉलिफेनॉलांची संयुगे सापडली. चहादाणीच्या पांढऱ्या चिनी मातीवर हा तवंग डाग पाडतो आणि तोटीच्या जाळीच्या भोकांत चुन्याचा थर बसतो. दूध घालून उकळलेल्या चहात मात्र रंगाचा हा मळकटपणा उठून दिसत नाही. पाण्याचा दोष झाकायचा तर हीच कृती सोयीची.

पत्तीनेही याच काळात रूप बदलले. १९३० मध्ये आसामातल्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर याने दातेरी रुळांत पाने चिरडून, फाडून, वळवून दाणे करणारे यंत्र बसवले. या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हा चहा सीटीसी म्हणून ओळखला जातो. अखंड पान उलगडायला मिनिटे लागतात. दाणेदार चहा उकळत्या पाण्यात टाकताच रंग सोडतो आणि दुधापुढे फिका पडत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत हे यंत्र मळ्यामळ्यांवर पोचले आणि आज भारतातला बहुतेक चहा याच पद्धतीने होतो. चहादाणीचे गोल पोट पान उलगडण्यासाठी होते. उलगडायला पानच उरले नाही. दाणे इतके बारीक की तोटीच्या जाळीतून निसटतात. गाळण्याचे काम भांड्यातून बाहेर पडून फडक्याच्या गाळण्याकडे गेले ते कायमचे.

भारतात ॲल्युमिनियमची भांडी करण्याची सुरुवात १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या देखरेखीखाली झाली. हा धातू पितळेच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचा आहे, कल्हई मागत नाही, आणि पोलादाच्या कितीतरी पट वेगाने उष्णता वाहून नेतो. विस्तवाच्या कडेला ठेवलेली किटली म्हणूनच तळापासून गळ्यापर्यंत सारखी तापते. चिनी मातीची चहादाणी उष्णता आत धरून ठेवते खरी, पण निखाऱ्यावर ठेवली तर तडकते. एक भांडे मेजावर ठेवण्यासाठी घडले, दुसरे शेगडीसाठी.

टपरीवरची किटली नीट पाहिली तर तिच्या प्रत्येक अवयवामागे कारण सापडते. बूड सपाट आणि रुंद, म्हणजे शेगडीच्या कडेवर डगमगत नाही. पोट वर निमुळते होत जाते, म्हणजे चहाचा हवेशी संबंध कमी येतो आणि साय कमी धरते. तरी तोंड इतके रुंद असते की घासताना हात आत जावा. दुधाचा थर तळाला राहिला तर पुढचा चहा नासतो. तोटीच्या मुळाशी जाळी नसते, आणि ते शहाणपणाचेच आहे, कारण जाळीत सायीचा गोळा अडकून धार बंद पडली असती. मुळाशी रुंद आणि टोकाला अरुंद अशी तोटी सायीला वाट देते आणि धार मात्र बारीक ठेवते.

सगळ्यात विचाराची गोष्ट म्हणजे वरची अर्धगोल कडी. चहादाणीची मूठ बाजूला असते, त्यामुळे भरलेल्या भांड्याचे वजन मनगटाला पिळते. चार पेल्यांपुरते ते चालून जाते. दोन लिटर चहा अशा मुठीने दिवसभर उचलणे शक्य नाही. कडी वर असल्याने वजन सरळ हाताखाली येते आणि माणूस भरली किटली घेऊन लांब चालत जाऊ शकतो. दुसऱ्या हातात ग्लासांचा तारेचा पिंजरा. कडीला वेत, लाकूड किंवा चिंधी गुंडाळलेली असते, कारण धातू चटका देतो.

ओतण्याच्या क्रियेत एक जुना दोष आहे: धार तोटीच्या ओठावरून खाली वळते आणि चहा भांड्याच्या गळ्यावरून ओघळतो. मार्कुस राइनर या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये याला ‘टीपॉट इफेक्ट’ हे नाव दिले. जोसेफ केलर यांनी दुसऱ्याच वर्षी दाखवले की बाहेरच्या हवेचा दाब धारेला ओठाकडे ढकलतो. फ्रान्समधील संशोधकांनी २००९ च्या सुमारास दाखवले की ओठाचा पृष्ठभाग किती ओला होतो यावरही ओघळणे अवलंबून असते, आणि २०२१ मध्ये व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात याचे गणित अधिक पूर्ण झाले. या सगळ्यातून कारागिराला मिळणारा धडा सोपा आहे: ओठ पातळ आणि धारदार ठेवावा, आणि चहा हळू न ओतता जोरात ओतावा. पातळ पत्र्याच्या किटलीचा ओठ आपोआपच धारदार असतो; चिनी मातीचा ओठ जाड आणि गोलसर, म्हणून तो जास्त गळतो. चहावाला किटली उंच धरून एका झटक्यात धार सोडतो आणि तशाच झटक्याने तोडतो, ती नुसती ऐट नव्हे. वेगाने धार ओघळत नाही, उंचीने चहा थोडा निवतो आणि वर फेस येतो.

याच उंच धारेला एक कडवट इतिहासही आहे. स्वातंत्र्यापूर्वी रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ असे वेगवेगळे विक्रेते असत. खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत दलित गिऱ्हाइकांचे पेले किंवा कपबशा बाहेर वेगळ्या ठेवलेल्या असत. त्या त्यांनीच घ्यायच्या, त्यांनीच विसळायच्या. लांब तोटीच्या भांड्यातून न शिवता वरून ओतता येते, ही सोय शिवाशिव पाळणाऱ्यांच्या कामी आली. चहाच्या भांड्याचा इतिहास लिहिताना हे वगळता येणार नाही. किटली एकच, चहा एकच, आणि तरीही पेले दोन जातीचे, हे चित्र महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे टिकले.

उकळलेल्या चहाला यवतमाळच्या शेजारच्या वर्ध्याहून विरोध झाला. १९३६ पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी चहातल्या टॅनिनवर बोट ठेवले: कातडे कमावायला वापरतात तेच द्रव्य पोटाला अपाय करते. चहा घ्यायचाच तर पत्ती गाळणीत ठेवून वरून उकळते पाणी ओतावे आणि खाली जमलेल्या चहाचा रंग गवताच्या काडीसारखा फिकट असावा, असे त्यांनी सुचवले. पत्ती पाण्यात क्षणभरच राहावी, ही त्यांची अट. इंग्लंडमध्ये लॉर्ड डंडोनाल्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेल्या चहादाणीचाही हेतू तोच होता: ती आडवी ठेवून पत्ती भिजवायची आणि उभी केली की पत्ती पाण्याबाहेर राहायची. गांधीजींची गाळणी तेच काम काहीही खर्च न करता करते. विदर्भाने ती मानली नाही. खाणीत आणि शेतात राबणाऱ्याला फिकट चहात समाधान नव्हते, आणि हे समजण्यासारखे आहे. शिवाय दुधातले केसीन हे प्रथिन टॅनिनला बांधून त्याचा तुरटपणा बराच कमी करते.

मातीची भांडी मात्र या परिसरात परतली. वर्धा नदीच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये ग्रामोदय संघ स्थापन केला आणि कुंभारांना सुधारलेल्या चाकाचे, भट्टीचे व झिलईचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. विदर्भात कपबशी आणि चहादाणी घडवण्याइतके कसब आणि माती आहे, हे या कामाने सिद्ध झाले. पण इथल्या चहासाठी मातीची चहादाणी घडवायची तर यीशिंगचा नमुना उचलून चालत नाही. दूध-साखरेचा, आधीच गाळलेला चहा तिच्यात भरायचा. म्हणजे तोटीला जाळी नको, तोंड रुंद हवे, झिलई आतून पूर्ण हवी नाहीतर दूध भिंतीत मुरते, ओठ जमेल तितका पातळ हवा आणि मूठ वरून हवी. विस्तवावर ती ठेवता येणार नाही, म्हणून भिंत जाड हवी आणि चहा ओतण्याआधी ती गरम पाण्याने विसळून घ्यायला हवी. स्थानकांवरच्या जुन्या पाट्यांतली ही एक सूचना अशा चहादाणीलाही तंतोतंत लागू पडते.

अलीकडे सायकलवरून किंवा मोटारसायकलवरून चहा विकणाऱ्यांनी दुहेरी भिंतीचा, खाली नळ असलेला पोलादी थर्मास आपलासा केला आहे. त्यात ओघळण्याचा प्रश्नच नाही आणि विस्तवाची गरजही नाही. पण नळाच्या आत साय अडकते, घासायला हात पोचत नाही, आणि बंद भांड्यात दुधाचा चहा काही तासांत वास धरतो. म्हणून जिथे पाळी सुटताना एकदम गिऱ्हाइकी असते, तिथे शेगडीच्या कडेची किटलीच अजून सोयीची पडते.